अमेरिकेत तिकीट मतदार देतो: नव्या मतदारांसाठी पक्षांची ओळख

नागरिकत्वाची शपथ घेतली, त्यानंतरच्या जून महिन्यात मी न्यू जर्सीत पहिल्यांदा प्रायमरीच्या मतदानाला गेलो. शाळेच्या जिममध्ये दोन घडीची टेबलं, त्यावर मतदारयाद्या, कोपऱ्यात मतदानाची यंत्रं. टेबलामागच्या बाईंनी माझं नाव शोधलं आणि विचारलं, "डेमोक्रॅट की रिपब्लिकन?" मी गडबडलो. मागे रांगेत पाच-सहा माणसं उभी, त्यात दोघं आमच्याच गल्लीतली. कुणाला मत देणार हे सगळ्यांदेखत विचारतात, हे मला पटेचना. मी म्हणालो, "कुणीच नाही." त्या शांतपणे म्हणाल्या, "मग आज तुम्हाला मत देता येणार नाही." मी घरी आलो. नोव्हेंबरमध्ये मुख्य निवडणुकीला पुन्हा गेलो, तेव्हा कळलं की आमच्या भागातल्या बहुतेक जागांचा निकाल जूनमध्येच लागून गेला होता.

त्या बाईंचं काहीही चुकलं नव्हतं. मी कुणाला मत देणार हे त्यांनी विचारलंच नव्हतं. कुठल्या पक्षाचा उमेदवार निवडायला आलो आहे, एवढंच त्या विचारत होत्या. आपल्याकडे तिकीट पक्ष देतो, इथे तिकीट मतदार देतो, आणि ते नोव्हेंबरच्या कितीतरी आधी, प्रायमरी नावाच्या मतदानात दिलं जातं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर ते मत हातचं गेलं नसतं. नव्याने नागरिक झालेल्या किंवा होऊ घातलेल्या मराठी मंडळींसाठी म्हणूनच हे क्रमाने लिहितो आहे.

पहिली पायरी: तुमच्या हातात कोणता कागद आहे ते पाहा

राज्याच्या आणि देशाच्या निवडणुकीत मत फक्त अमेरिकन नागरिकाला देता येतं. ग्रीन कार्डवाल्याला नाही, एच-१बीवाल्याला नाही, विद्यार्थ्याला नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी चूक होते, आणि ती बहुतेक वेळा ड्रायव्हिंग लायसन्सच्या काउंटरवर होते. १९९३ च्या कायद्याने बहुतेक राज्यांत लायसन्स काढताना किंवा नूतनीकरण करतानाच मतदार नोंदणीबद्दल विचारलं जातं. पडद्यावर एकामागून एक प्रश्न येत असतात, आपण घाईत "हो, हो" करत जातो. नागरिक नसताना तिथे "मी नागरिक आहे" असं नोंदलं गेलं, तर पुढे नागरिकत्वाचा अर्ज अडकू शकतो आणि देशाबाहेर काढण्याची कारवाईसुद्धा होऊ शकते. त्या पडद्यावरचा प्रत्येक प्रश्न थांबून वाचा. घरातल्या नुकत्याच आलेल्या माणसांना आणि ग्रीन कार्डवर आलेल्या आई-वडिलांनाही हे समजावून सांगा.

मत नसलं तरी काही गोष्टी करता येतात. ग्रीन कार्डधारक उमेदवाराला आणि पक्षाला देणगी देऊ शकतो. एच-१बी, एल-१ किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनी एक डॉलरही द्यायचा नाही, कायद्याने बंदी आहे. मात्र बिनपगारी स्वयंसेवक म्हणून पत्रकं वाटणं, फोन करणं त्यांनाही चालतं. प्रचाराचा पैसा कुठे खर्च करायचा असल्या निर्णयात तेवढं पडायचं नाही.

दुसरी पायरी: 'पक्ष' या शब्दाचा आपला अर्थ बाजूला ठेवा

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाच्या मनात पक्ष म्हटलं की एक चित्र तयार असतं. वर पक्षश्रेष्ठी, मग प्रदेशाध्यक्ष, जिल्हाध्यक्ष, तालुकाध्यक्ष, खाली कार्यकर्ते. निवडणूक आली की इच्छुकांच्या मुलाखती, याद्या दिल्लीला किंवा मुंबईला, शेवटच्या रात्री एबी फॉर्म, आणि ज्याला मिळाला नाही त्याची बंडखोरी. अमेरिकेत हे चित्र लागू पडत नाही. इथे एबी फॉर्म देणारं कुणी नाही.

१७८७ च्या राज्यघटनेत पक्षांचा उल्लेखच नाही. पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९६ मध्ये निरोप घेताना गटबाजीच्या वृत्तीपासून सावध राहायला सांगितलं होतं. पण त्यांच्याच मंत्रिमंडळातले अलेक्झांडर हॅमिल्टन आणि थॉमस जेफरसन एव्हाना दोन तटांवर उभे होते, आणि तिथूनच पक्ष सुरू झाले. आजचा डेमोक्रॅटिक पक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या १८२८ च्या निवडणुकीच्या आसपास आकाराला आला. रिपब्लिकन पक्ष १८५४ मध्ये गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करण्यासाठी निघाला. त्या पक्षातून देशाचे अध्यक्ष झालेले पहिले म्हणजे अब्राहम लिंकन. त्यानंतर दोन्ही पक्षांचे मतदार आणि भूमिका इतक्या बदलल्या की जुन्या इतिहासावरून आजचा अंदाज बांधू नये. निळा डेमोक्रॅट, लाल रिपब्लिकन ही रंगांची वाटणीसुद्धा २००० सालच्या निवडणुकीपासूनच पक्की झाली.

दोन्ही पक्षांच्या राष्ट्रीय समित्या आहेत, त्यांना अध्यक्षही आहेत. पण त्या अध्यक्षाला एखाद्या मतदारसंघातला उमेदवार बदलण्याचा अधिकार नाही. प्रत्येक राज्यातला पक्ष वेगळा, प्रत्येक काउंटीतला, म्हणजे जिल्ह्यातला, वेगळा. २०१६ मध्ये रिपब्लिकन पक्षातल्या बहुतेक बड्या नेत्यांना डोनाल्ड ट्रम्प उमेदवार म्हणून नको होते. त्यांना रोखता आलं नाही, कारण प्रायमरीत मतदारांनी ट्रम्प यांना कौल दिला. त्याच वर्षी सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, अपक्ष म्हणून बसणारे बर्नी सँडर्स डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी लढले आणि त्यांनी हिलरी क्लिंटन यांना शेवटपर्यंत झुंजवलं. पक्षाबाहेरचा माणूस येऊन पक्षाचं तिकीट मागतो आणि पक्ष त्याला दारातून परत पाठवू शकत नाही, ही गोष्ट आपल्याला पचायला वेळ लागतो.

मग इथल्या पक्ष संघटनेकडे उरतं काय? पैसा गोळा करणं, मतदारयाद्या आणि त्यांची माहिती बाळगणं, प्रचाराची माणसं पुरवणं, वकील देणं, एखाद्या उमेदवाराला जाहीर पाठिंबा देणं. हे थोडं नाही. पण शिक्का मतदाराच्या हातात आहे.

तिसरी पायरी: नोंदणी फॉर्मवरचा पक्षाचा चौकोन

मतदार नोंदणीचा फॉर्म तुमच्या राज्याच्या संकेतस्थळावर मिळतो. नागरिकत्वाच्या शपथविधीच्या ठिकाणीही बऱ्याचदा स्वयंसेवक फॉर्म घेऊन उभे असतात. तिथेच भरून टाकलेला बरा. नाव, पत्ता, सही ठीक. मग एक चौकोन येतो: पक्ष कोणता?

हा चौकोन सगळ्या राज्यांत नसतो. टेक्सास, व्हर्जिनिया, जॉर्जिया, इलिनॉय, मिशिगन इथे नोंदणीत पक्ष विचारतच नाहीत. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, कॅलिफोर्निया, फ्लोरिडा इथे विचारतात. म्हणून टेक्सासमधल्या डॅलसच्या मावसभावाने सांगितलेला नियम न्यू जर्सीतल्या एडिसनला लागू होत नाही. आपल्या व्हॉट्सॲप गटांवर फिरणारा सल्ला नेमका इथेच फसतो.

चौकोनात खूण केली म्हणजे पक्षाचं सदस्यत्व घेतलं असं नाही. वर्गणी नाही, पावती नाही, कार्ड नाही. पक्ष तुम्हाला काढू शकत नाही आणि नोव्हेंबरमध्ये तुम्ही कुणालाही मत द्यायला मोकळे असता. त्या खुणेने प्रायमरीचा दरवाजा तेवढा उघडतो. एक मात्र जाणून घ्या: तुमचं मत गुप्त असतं, तुमची पक्षनोंदणी गुप्त नसते. ती सरकारी यादीत असते आणि प्रचारवाले ती यादी मिळवतात. नोंदणी झाल्यावर टपालपेटी पत्रकांनी भरू लागली, दाराशी क्लिपबोर्ड घेतलेली मुलं आली, तर घाबरू नका.

"मी कुठल्याच पक्षाचा नाही" असं म्हणायचं असेल तर फॉर्मवरचे शब्द नीट वाचा. कॅलिफोर्नियात 'अमेरिकन इंडिपेंडंट पार्टी' नावाचा खराखुरा पक्ष आहे, तोही उजव्या विचारांचा. 'इंडिपेंडंट' म्हणजे अपक्ष असं समजून पुष्कळांनी तिथे खूण केली आणि नकळत त्या पक्षाच्या यादीत गेले. तिथे अपक्षासाठी 'नो पार्टी प्रेफरन्स' निवडायचं. न्यू जर्सीत त्याला 'अनॲफिलिएटेड' म्हणतात.

माझा सल्ला विचाराल तर जिथे प्रायमरी बंद आहे, म्हणजे फक्त त्या पक्षात नोंदलेल्या मतदारांपुरती आहे, तिथे अपक्ष राहू नका. न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनिया ही तशी राज्यं. तिथे अपक्ष राहणं म्हणजे निम्मी निवडणूक सोडून देणं. न्यू जर्सीत अपक्ष मतदार प्रायमरीच्या दिवशी केंद्रावरच पक्ष सांगू शकतो. मला तेव्हा एवढंच करायचं होतं. पण एका पक्षातून दुसऱ्यात जायचं असेल तर ५५ दिवस आधी अर्ज द्यावा लागतो. न्यूयॉर्कमध्ये ही मुदत १४ फेब्रुवारीला संपते आणि प्रायमरी जूनमध्ये असते. तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवा.

चौथी पायरी: प्रायमरी, म्हणजे खरी निवडणूक

पूर्वी इथेही बंद खोल्यांत चार पुढारी बसून उमेदवार ठरवायचे. न्यूयॉर्कच्या टॅमनी हॉल या डेमोक्रॅटिक पुढाऱ्यांच्या संघटनेची सद्दी प्रसिद्ध आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विस्कॉन्सिनचे गव्हर्नर रॉबर्ट ला फॉलेट यांच्यासारख्या सुधारकांनी ती पद्धत मोडायचा ध्यास घेतला आणि उमेदवार निवडण्याचं काम मतदारांकडे आणलं. तीच प्रायमरी.

तिला मी खरी निवडणूक म्हणतो, त्यामागे मतदारसंघांची रचना आहे. दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्या जातात. बहुतेक राज्यांत त्या राज्याचं विधिमंडळच आखतं, म्हणजे ज्या पक्षाचं बहुमत त्याच्या हातात पेन्सिल. आपल्या सोयीच्या रेषा ओढण्याला 'जेरीमँडरिंग' म्हणतात. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज जेरी यांच्या काळात आखलेल्या एका वेड्यावाकड्या मतदारसंघावरून हा शब्द आला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पक्षीय हेतूने आखलेल्या सीमांचा निवाडा केंद्रीय न्यायालयं करणार नाहीत. कॅलिफोर्निया, ॲरिझोना, मिशिगन अशा काही राज्यांनी हे काम स्वतंत्र आयोगाकडे दिलं होतं, पण ती सगळीकडची रीत नाही. शिवाय सारख्या विचारांची माणसं एकाच भागात राहतात हेही आहेच. परिणाम असा की बहुतेक मतदारसंघ कुणाचे ना कुणाचे बालेकिल्ले आहेत. तिथे नोव्हेंबरमध्ये काय होणार हे आधीच ठरलेलं असतं. झुंज असते ती बालेकिल्ल्याच्या मालकाच्या प्रायमरीत.

बेळगावात वाढलेल्या आपल्या श्री ठाणेदार यांचंच उदाहरण घ्या. २०१८ मध्ये ते मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले आणि तिसरे आले. २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघातून काँग्रेससाठी, म्हणजे अमेरिकेच्या संसदेसाठी, उभे राहिले. त्या प्रायमरीत नऊ उमेदवार होते. मतं इतकी विभागली की ठाणेदार सुमारे २८ टक्क्यांवर पहिले आले, आणि तेवढं पुरलं. नोव्हेंबरमध्ये त्याच मतदारसंघात त्यांना ७० टक्क्यांच्या वर मतं मिळाली, कारण तो मतदारसंघ डेमोक्रॅटांचा. म्हणजे डेट्रॉइटचा खासदार कोण, हे ऑगस्टच्या प्रायमरीत मतदान केलेल्यांतल्या तिघांतल्या एकाहूनही कमी लोकांनी ठरवलं. बाकीच्यांनी नोव्हेंबरमध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. टेक्सास, जॉर्जियासारख्या राज्यांत निम्म्याहून जास्त मतं कुणालाच मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान होतं. मिशिगनमध्ये तसं नाही.

अर्ज भरण्यासाठी पक्षाची मंजुरी लागत नाही, पण बऱ्याच राज्यांत मतदारांच्या सह्या लागतात, आणि त्या एकेक करून तपासल्या जातात. २०२४ मध्ये ठाणेदार यांच्याच मतदारसंघात एका प्रतिस्पर्ध्याचा अर्ज वैध सह्या कमी पडल्यामुळे बाद झाला. मॉलबाहेर कुणी क्लिपबोर्ड पुढे करून सही मागितली तर ती यासाठी असते.

मोठमोठे नेतेही प्रायमरीत घरी बसतात. २०१४ मध्ये प्रतिनिधिगृहातल्या, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहातल्या, रिपब्लिकन बहुमताचे नेते एरिक कँटर व्हर्जिनियात डेव्ह ब्रॅट नावाच्या एका अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाकडून हरले. २०१८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये डेमोक्रॅटांचे वजनदार नेते जो क्रॉली अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ यांच्याकडून हरले. २०२५ च्या जूनमध्ये न्यूयॉर्क शहराच्या महापौरपदाच्या प्रायमरीत झोहरान ममदानी यांनी माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांना हरवलं. कुओमो नोव्हेंबरमध्ये अपक्ष उभे राहिले आणि पुन्हा हरले.

प्रायमरीचे प्रकार राज्यागणिक बदलतात. मिशिगनमध्ये एकाच कागदावर दोन्ही पक्षांचे रकाने असतात आणि तुम्ही एकाच रकान्यात खुणा करायच्या. इकडची एक, तिकडची एक असं केलं तर पक्षीय पदांची ती सगळी मतं बाद. कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन राज्यात सगळ्या पक्षांचे उमेदवार एकत्र लढतात आणि पहिले दोघं पुढे जातात, मग ते एकाच पक्षाचे का असेनात. अलास्कात पहिले चौघं पुढे जातात आणि मग पसंतीक्रमाने मतदान होतं.

न्यू जर्सीची एक गोष्ट थांबून सांगायला हवी, कारण पक्ष संघटना मतदाराच्या हातातला शिक्का कसा हळूच आपल्याकडे ओढते हे त्यात दिसतं. आमच्या राज्यातल्या २१ पैकी १९ काउंट्यांत प्रायमरीची मतपत्रिका एका खास पद्धतीने छापली जायची. काउंटीच्या पक्ष संघटनेने पाठिंबा दिलेले सगळे उमेदवार, अगदी सिनेटरपासून गावच्या कौन्सिलपर्यंत, एका सरळ ओळीत. बाकीचे कुठेतरी लांब, दोन-तीन रिकामे रकाने सोडून. त्या जागेला लोक 'बॅलट सायबेरिया' म्हणायचे. मतदार थकलेला असतो, तो सरळ ओळीत खुणा करत जातो. तिकीट मतदारच देत होता, पण कागद अशा रीतीने छापलेला असायचा की तिकीट काउंटीच्या अध्यक्षांनीच दिल्यासारखं व्हायचं. २०२४ मध्ये सिनेटसाठी उभे राहिलेले अँडी किम या छपाईविरुद्ध कोर्टात गेले. मार्चअखेर केंद्रीय न्यायाधीशांनी त्यांच्या बाजूने आदेश दिला आणि त्या जूनच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत प्रत्येक पदाचे सगळे उमेदवार एकाच चौकटीत एकत्र छापले गेले. किम पुढे सिनेटर झाले. २०२५ मध्ये राज्याने कायदाही बदलला. मी जुना नमुना आणि नवा नमुना स्वयंपाकघराच्या ओट्यावर शेजारी शेजारी ठेवून पाहिले आहेत. नावं तशीच वाचता येतात, पण जुन्या कागदावर नजर आपोआप एकाच ओळीवरून खाली घसरते. इतकी वर्षं ते चाललं, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

पाचवी पायरी: अध्यक्षाची निवड थोडी निराळी

अध्यक्षपदाच्या प्रायमरीत तुम्ही उमेदवाराला मत देता, पण त्या मतांवरून ठरतात ते प्रतिनिधी, म्हणजे डेलिगेट. ते उन्हाळ्यात पक्षाच्या अधिवेशनाला जातात आणि तिथे उमेदवारी अधिकृत होते. काही ठिकाणी प्रायमरीऐवजी कॉकस असतो: संध्याकाळी शाळेत किंवा चर्चमध्ये जमायचं, भाषणं ऐकायची, मग मत द्यायचं. आयोवाचा कॉकस यासाठी प्रसिद्ध आहे.

१९६८ पर्यंत प्रायमरीला फारशी किंमत नव्हती. त्या वर्षी ह्युबर्ट हंफ्री एकही प्रायमरी न लढता शिकागोच्या अधिवेशनात डेमोक्रॅटांचे उमेदवार झाले. बाहेर रस्त्यावर व्हिएतनाम युद्धाविरुद्ध निदर्शनं आणि पोलिसांचा लाठीमार चालू होता. त्या संतापातून नियम बदलले आणि सूत्रं मतदारांकडे आली. तरी डेलिगेटांचं महत्त्व संपलेलं नाही. २०२४ मध्ये जो बायडन यांनी २१ जुलैला माघार घेतली तेव्हा प्रायमऱ्या होऊन गेल्या होत्या. कमला हॅरिस यांची उमेदवारी डेलिगेटांच्या मतांनी ठरली.

नोव्हेंबरमध्येही तुम्ही थेट अध्यक्षाला निवडत नाही. पक्षांनी नेमलेल्या, अध्यक्षाला मत देणाऱ्या इलेक्टरांना निवडता. एकूण ५३८, जिंकायला २७०. मेन आणि नेब्रास्का सोडून बाकी सगळीकडे राज्यात जो पुढे, त्याला त्या राज्याचे सगळे इलेक्टर.

सहावी पायरी: नोव्हेंबरची मतपत्रिका

तिसऱ्या पक्षांना मत द्यायचं का, हा प्रश्न प्रत्येक नवा मतदार विचारतो. द्या, पण हिशोब समजून द्या. १९९२ मध्ये अपक्ष रॉस पेरो यांना देशभरात जवळजवळ १९ टक्के मतं मिळाली आणि इलेक्टर एकही नाही. २००० मध्ये फ्लोरिडात ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर यांना ९७ हजारांवर मतं पडली आणि जॉर्ज बुश तिथे ५३७ मतांनी जिंकून अध्यक्ष झाले. मतविभागणी म्हणजे काय हे आपल्याला शिकवायची गरज नाही. न्यूयॉर्कमध्ये यावर एक जुना उपाय आहे: तिथे लहान पक्ष मोठ्या पक्षाच्याच उमेदवाराला आपल्या नावाखाली उभं करतात आणि दोन्ही ओळींतली मतं एकत्र मोजतात.

सगळीच पदं पक्षाची नसतात. शाळा मंडळं बहुतेक ठिकाणी पक्षाच्या नावाशिवाय लढवली जातात, अनेक शहरांच्या निवडणुकाही. पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या क्षमा सावंत समाजवादी म्हणून उघडपणे लढल्या आणि २०१३ मध्ये सिॲटलच्या नगर परिषदेवर निवडून आल्या. तिथल्या मतपत्रिकेवर पक्ष छापलेला नसतो, हेही त्यांच्या पथ्यावर पडलं. नेब्रास्काचं विधिमंडळसुद्धा पक्षाच्या नावाशिवाय निवडलं जातं. अशा जागांसाठी उमेदवाराची माहिती स्वतःच काढावी लागते.

सातवी पायरी: निवडून आल्यावर पक्ष काय करतो

इथे आपली मंडळी उलट बाजूने चुकतात. पक्षाला तिकीट देता येत नाही म्हणजे पक्ष दुबळा, असं समजतात. सभागृहात पक्ष अजिबात दुबळा नसतो. प्रतिनिधिगृहात ४३५ जागा, बहुमताला २१८. ज्याचं बहुमत त्याचा स्पीकर, प्रत्येक समितीचा अध्यक्ष त्याचा, कोणतं विधेयक मतदानाला येणार हे त्याच्या हातात. सिनेटच्या १०० जागांचंही तसंच. २०१६ मध्ये ओबामांनी सर्वोच्च न्यायालयासाठी मेरिक गारलँड यांचं नाव पाठवलं. सिनेटमधल्या रिपब्लिकन बहुमताने त्यावर सुनावणीही घेतली नाही. म्हणून तुमचा खासदार माणूस म्हणून कसा आहे एवढंच पाहून भागत नाही. त्याच्या एका मताने सभागृहाच्या किल्ल्या कुणाकडे जातील, हेही पाहावं लागतं.

व्हीप मात्र इथे वेगळा. व्हीप हे पद आहे, मतं जमवणारा माणूस. त्याचं ऐकलं नाही तर सदस्यत्व जात नाही, कारण आपल्यासारखा १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा इथे नाही. २८ जुलै २०१७ ची मध्यरात्र उलटून गेलेली. ओबामांच्या काळातला आरोग्य विम्याचा कायदा मोडीत काढायचं विधेयक सिनेटमध्ये मतदानाला आलं होतं. रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅककेन यांना त्याच महिन्यात मेंदूचा कर्करोग असल्याचं कळलं होतं. ते चालत पुढे आले, हात लांब केला, क्षणभर थांबले आणि अंगठा खाली वळवला. सभागृहात हुंकार उठला. त्यांच्याच पक्षाचे नेते मिच मॅकॉनेल समोर हाताची घडी घालून उभे होते. विधेयक ४९ विरुद्ध ५१ मतांनी पडलं. मॅककेन यांना ना निलंबन, ना अपात्रता. पुढच्या वर्षी मृत्यू येईपर्यंत ते रिपब्लिकन सिनेटरच होते.

पक्ष सोडला तरी जागा राहते. २००१ मध्ये सिनेट ५०-५० असताना व्हर्मांटचे जिम जेफर्ड्स रिपब्लिकन पक्षातून बाहेर पडून अपक्ष झाले आणि डेमोक्रॅटांच्या बाजूला बसले. एका माणसाने सभागृहाचं बहुमत फिरवलं. पोटनिवडणूक झाली नाही.

मग खासदाराला धाक कशाचा? प्रायमरीचा. व्हीपने डोळे वटारले तर तो घाबरत नाही. पुढच्या प्रायमरीत आपल्याच पक्षाचा कुणी समोर उभा राहील याला घाबरतो. म्हणजे पुन्हा जूनमध्ये त्या जिममध्ये कोण जातं, यावरच गाडी येते. खासदाराच्या कार्यालयात फोन करून "मी तुमच्या प्रायमरीत मत देतो" असं सांगून बघा.

आठवी पायरी: मतपत्रिकेची सर्वात खालची ओळ

मतदानाआधी नमुना मतपत्रिका घरी टपालाने येते किंवा काउंटीच्या संकेतस्थळावर मिळते. ती आदल्या रात्री टेबलावर पसरा आणि खालून वर वाचत या. न्यू जर्सीच्या प्रायमरीत तळाशी 'काउंटी कमिटी' असं पद दिसेल. प्रत्येक बूथच्या भागातून दोन सदस्य. हे पक्षाचंच पद आहे, पगार नाही. पण काउंटीचा पक्षाध्यक्ष हीच मंडळी निवडतात, आणि राज्याच्या विधिमंडळातला त्या पक्षाचा सदस्य मध्येच गेला किंवा त्याने राजीनामा दिला, तर त्याच्या जागी तात्पुरतं कोण बसणार हेही तेच ठरवतात. ज्याला आपण पक्ष, पक्ष म्हणतो तो शेवटी या खुर्च्यांवर बसलेला असतो.

आमच्या बूथवर गेल्या वेळी त्या ओळीत दोन जागा होत्या आणि छापलेलं नाव एकच. दुसऱ्या जागी नाव लिहायला मोकळी रेघ होती. यंदा शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका काकू उभ्या राहणार आहेत. नाशिकच्या, तीस वर्षं इथे, सगळ्या गल्लीला नावानिशी ओळखणाऱ्या. सह्या थोड्याच लागतात, पण सही करणारा आपल्याच भागातला आणि त्याच पक्षाचा मतदार हवा. म्हणून आम्ही दोघं दारोदार जातो तेव्हा काकू कागद पुढे करण्याआधी विचारतात, "तुम्ही नोंदणीत चौकोन कुठला भरलाय?"